खोली अकरा महिन्यांची, दिवस मात्र आपले

आईला व्हिडिओ कॉल लावताना तुम्ही कुठल्या भिंतीला पाठ करून बसता? प्रत्येक रूममध्ये अशी एक भिंत ठरलेली असते. तिच्यावर ओल नसते, तिच्याजवळ कपड्यांचा ढीग नसतो, दोरीवर वाळणारे टॉवेल तिथून दिसत नाहीत. मोबाइल थोडा वर धरायचा आणि ‘हो गं, छान आहे रूम’ म्हणायचं. कॉल संपला की मान वळवायची आणि उरलेल्या तीन भिंतींकडे बघायचं.

पुण्यात सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, चित्र थोड्याफार फरकानं सारखंच असतं. लोखंडी कॉट, डोक्यावर एक पांढरीफटक ट्यूब, कुरकुरणारं पत्र्याचं कपाट आणि दारामागे चिकटवलेले नियम. त्यातला पहिला नियम बहुतेक वेळा ‘भिंतीला खिळे ठोकू नयेत’ हा असतो. आणि कुठेही न लिहिलेला पण आपल्या डोक्यात त्याहून घट्ट बसलेला दुसरा नियम म्हणजे, ‘जाऊ दे ना, किती दिवस राहायचंय इथं!’

आज या दुसऱ्या नियमाविरुद्ध बोलायचंय. जरा हिशेब करा. डिग्रीची तीन वर्षं, मास्टर्सची दोन, पुढे स्पर्धा परीक्षा किंवा पहिली नोकरी. ‘तात्पुरत्या’ खोल्यांमध्ये आपली पाच-सहा वर्षं सहज जातात, आणि तीही विशीच्या आसपासची. एवढा काळ ‘किती दिवस’ म्हणून ढकलून देण्याइतका थोडा नाही. खोली अकरा महिन्यांच्या कराराची असेल, पण तिथं जाणारे दिवस आपलेच आहेत. म्हणून रूम नीट करा. फक्त ती विकत आणून करू नका, हातानं करा. आणि अशी करा, की सोडताना भिंतीला डाग आणि डिपॉझिटला कात्री लागणार नाही.

आमची फजिती

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. सेकंड इयरला असताना आम्ही तिघींनी सहाशे-सहाशे रुपये काढले आणि विटांच्या डिझाइनचा चिकटणारा वॉलपेपर मागवला. एका भिंतीवर पिवळट डाग होते, तेच झाकायचे होते. रविवारी दिवसभर खपून भिंत सजवली, रील टाकली, लाइक्सही आले. जुलैत पाऊस लागून राहिला तशी कोपऱ्यातली ‘वीट’ फुगायला लागली. मग कुबट वास येऊ लागला. एका रूममेटच्या शिंका थांबेनात. शेवटी कागद ओढून काढला, तर आत काळी बुरशी. कागदाबरोबर रंगाचे पापुद्रेही निघून आले. रूम सोडताना डिपॉझिटमधून चार हजार कापले गेले. राग आला, पण भांडायला तोंड नव्हतं. भिंत आधीपासून ओली होती हे दाखवायला आमच्याकडे एकही फोटो नव्हता.

एकूण पाच हजार आठशे रुपये मोजून आम्ही एवढंच शिकलो, की झाकलं म्हणजे सजवलं असं होत नाही. त्यानंतरच्या रूममध्ये आम्ही क्रम बदलला. आधी रिकामं करायचं, मग दुरुस्त करायचं आणि सगळ्यात शेवटी सजवायचं.

पहिला रविवार: रिकामं करा

याला एक रुपयाही लागत नाही आणि फरक मात्र सगळ्यात मोठा पडतो. सगळं सामान कॉटवर काढा आणि तीन ढीग करा. एक रोज लागणारं, एक कधीतरी लागणारं आणि एक कधीच न लागणारं. मागच्या सेमच्या झेरॉक्स, डिलिव्हरीचे प्लास्टिकचे डबे, एकच पाय उरलेले मोजे हे सगळं तिसऱ्या ढिगात. झेरॉक्स ज्युनिअरला द्या, नाहीतर रद्दीत. कधीतरी लागणारं सामान बॅगेत भरून कॉटखाली सरकवा. खोलीत मालकांची मोडकी खुर्ची किंवा जुना टीव्ही पडून असेल तर तो हलवण्याबद्दल सरळ विचारा. बऱ्याचदा ‘अरे, आधीच सांगायचं ना!’ हेच उत्तर मिळतं.

मग ओल तपासा. डाग असलेल्या जागी वीतभर जाड, पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरची चीर, वरची गच्ची किंवा पलीकडची मोरी यांपैकी कुठेतरी गळती आहे. ते काम मालकांचं आहे आणि ते पावसाळ्याआधीच सांगायला हवं. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दमटपणा आपण करतोय. खिडकी बंद ठेवून आत कपडे वाळत घालणं हे त्याचं नेहमीचं कारण. दोन्ही वेळी कॉट आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागून हवा खेळते. भिंत कोरडी होईपर्यंत तिच्यावर काहीही चिकटवू नका.

दिवा बदला, खोली बदलते

खोली उदास दिसण्याचं मोठं कारण बहुतेकदा भिंतीचा रंग नसतो, उजेड असतो. डोक्यावरून पडणारा एकच पांढरा उजेड प्रत्येक डाग ठळक करतो आणि चेहऱ्यावर सावल्या पाडतो. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा असतो. ६५०० म्हणजे ऑफिससारखा निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे संध्याकाळच्या उन्हासारखा पिवळा आणि ४००० म्हणजे मधला, वाचायला बरा वाटणारा. ट्यूब तशीच राहू द्या. फक्त ३००० केल्व्हिनचा ९ वॉटचा एक बल्ब आणा आणि टेबल लॅम्पमध्ये लावून त्याचा उजेड भिंतीवर किंवा कोपऱ्यात पडू द्या. भिंतीवरून परत येणारा उजेड मऊ असतो.

लॅम्पशेड विकत घेऊ नका. दिवाळीनंतर घरोघरी आकाशकंदील माळ्यावर जातात, त्यातला एक मागून आणा. कोपऱ्यात टांगलेला कागदी कंदील वर्षभर छान दिसतो. मात्र आत एलईडीच हवा. जुना तारेचा बल्ब खूप तापतो आणि कागद पेटू शकतो. ‘वीजबिल वाढेल’ असं मालकीण काकू म्हणाल्या तर त्यांना हिशेब सांगा. ९ वॉटचा बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही.

विजेबद्दल एक गोष्ट सजावटीपेक्षा महत्त्वाची आहे. आपल्याकडचा लहान पिनचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे साधारण १४०० वॉटपर्यंतचा. इलेक्ट्रिक केटल १५०० वॉटची असू शकते आणि इंडक्शन शेगडी २००० पर्यंत जाते. ती एक्स्टेंशन बोर्डावर, त्याच बोर्डावर लॅपटॉप आणि लाइटची माळ, आणि तो बोर्ड दुसऱ्या बोर्डात, असलं प्रकरण कितीही नीट लपवलं तरी धोक्याचंच. जास्त वॉटचं काहीही १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा. लाइटची माळ झोपताना आणि बाहेर पडताना बंद करा.

आईची साडी, आजीची गोधडी

उजेडानंतर नंबर कापडाचा. घरी कपाटात नेसायची राहून गेलेली एखादी कॉटनची साडी असतेच. आईला विचारून आणा. न विचारता आणलीत तर पुढचं तुम्हीच निस्तरा! साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असते. आडवे चार समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा एक मीटर पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. चार फूट रुंद खिडकीला चुण्या पडायला दोन तुकडे पुरतात. उरलेले दोन तुकडे उघड्या मांडणीला किंवा सिंकखालच्या पसाऱ्याला. वरच्या बाजूला दोन बोटं नेफा शिवून घ्या आणि त्यातून पडद्याची स्प्रिंग ओवा. ही स्प्रिंग खिडकीच्या गजांना तारेच्या आकड्यानं अडकवता येते, म्हणजे भिंतीला हातही लागत नाही.

गोधडीची तर गोष्टच वेगळी. जुनी लुगडी, धोतरं, परकर यांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्यानं शिवलेली गोधडी म्हणजे टाकाऊतून टिकाऊचं आपल्या घरातलं सगळ्यात जुनं उदाहरण. आज ‘हँडमेड क्विल्ट’ म्हणून तीच हजारोंना विकली जाते आणि आपण गावाहून आलेली गोधडी रूममेट हसतील म्हणून बॅगेत दडवतो. बाहेर काढा. लोखंडी कॉटवर अंथरली की कॉट दिसेनाशी होते आणि खोलीत घरातलं कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं.

भिंतीला न दुखवता

जुन्या वाड्यांमध्ये कोनाडे, खुंट्या आणि फडताळं असायची, त्यामुळे वस्तू टांगायला वेगळा खिळा लागत नसे. आपल्या सपाट भिंतींना ते सुख नाही. म्हणून चिकटणारे हुक आले. पण ते चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नका, वजन पडलं की रंगासकट उतरतात. टाइल, आरसा, पत्र्याचं कपाट, सनमायका लावलेलं दार अशा गुळगुळीत जागाच त्यांच्या. जागा आधी स्पिरिटनं पुसा, हुक दाबून बसवा आणि एक दिवस त्याला काही टांगू नका. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा दिली की चिकटा सैल होतो.

भिंतीवर काही हवंच असेल तर ते भिंतीला टेकवून उभं करा. मोठा पुठ्ठा, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू किंवा प्लायचा तुकडा घ्या. गेरूच्या रंगाचा पोस्टर कलर फासा आणि त्यावर पांढऱ्यानं चितारा. वारली चित्रांची मूळ रीत हीच आहे. मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, बस. लग्नाचा चौक लिहायचा तो घरातल्या बायकांनी. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण तेवढ्या ताकदीचं काढणार नाही, पण वर्तुळ, त्रिकोण आणि रेष तर काढता येते. शिवाय गणपतीच्या मखरासाठी रात्र-रात्र जागणारी आपण मंडळी आहोत. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा पुठ्ठा, कागद आणि कापडातून मखर उभं केलंच की. तेच हात इथंही चालतात.

पेट्या, विटा आणि मनीप्लांट

आंब्याच्या मोसमात फळवाल्यांकडे लाकडी पेट्या पडून असतात. दोन-तीन मागून घ्या. बाहेर आलेले खिळे आधी ठोकून आत बसवा. मग पॉलिश पेपर मारा. आधी जाड, ८० नंबरचा, मग १२० आणि शेवटी २२० नंबरचा. हे काम गच्चीत करा आणि नाकाला रुमाल बांधा. उभी पेटी म्हणजे कॉटशेजारचं टेबल, आडव्या दोन एकावर एक म्हणजे चपलांचा रॅक. पुस्तकांना मात्र या पेट्या कमकुवत पडतात. त्यासाठी विटा आणि फळी. साधारण तीन इंच जाडीच्या चार विटा एकावर एक ठेवल्या की फूटभर उंची मिळते. त्यावर फळी, पुन्हा विटा, पुन्हा फळी. दोन आधारांमध्ये तीन फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर पुस्तकांच्या वजनानं फळी मधे वाकते. दोन मजल्यांवर थांबा आणि मांडणी भिंतीलगत ठेवा. फळी प्लायच्या दुकानातून मापात कापून मिळते. विटांना जुने नकाशे किंवा मराठी वर्तमानपत्र गुंडाळा. आमची पुरवणी गुंडाळलीत तरी चालेल, वाचून झाल्यावर!

बाकीच्या बारीकसारीक वस्तूंसाठी पुणेकरांना बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, बोहरी आळी आहे, मातीच्या भांड्यांसाठी कुंभारवाडा आहे. ऑनलाइन कार्ट भरण्याआधी एक फेरी तिथं मारा. तुमच्या शहरातही अशी एखादी गल्ली असेलच.

आणि मनीप्लांट. शेजाऱ्यांकडून फांदी मागताना निदान एक पेर असलेली मागा, कारण मुळं पेरातूनच फुटतात. काचेच्या बाटलीत पेर पाण्यात बुडेल आणि पान वर राहील अशी ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा बदलाच आणि बाटली आतून घासून घ्या. डेंगी पसरवणाऱ्या डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

रीलसाठी की राहण्यासाठी?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ‘अभ्यासाला आलाय की घर सजवायला?’ प्रश्न चुकीचा नाही. पण नीट उजेड नसलेल्या, कुबट वासाच्या खोलीत अभ्यास होत नाही. लायब्ररी बंद झाली की पाय चहाच्या टपरीकडे वळतात, कारण रूमवर जावंसंच वाटत नाही. मैत्रिणीला ‘ये ना रूमवर’ म्हणता येत नाही. एकटेपणा वाढायला एवढंही पुरतं. हे म्हणजे चैन नव्हे. ही गरज आहे, आणि ती हजारभर रुपयांत भागते.

चैन सुरू होते ती पुढे. ‘ॲस्थेटिक’ रूमच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात बहुतेक प्लास्टिक असतं. खोटी वेल, खोटी वीट, खोटं संगमरवर. सगळ्यांच्या रूम एकसारख्या दिसायला लागल्या आहेत, कारण सगळ्यांनी एकाच व्हिडिओखालच्या लिंकवरून सामान मागवलंय. आणि हेच सामान मे महिन्यात सोसायट्यांच्या कचराकुंडीशेजारी दिसतं. परीक्षा संपल्या, खोल्या रिकाम्या झाल्या की गाद्या, बादल्या, लाइटच्या माळा, आरसे यांचे ढीग लागतात. जूनमध्ये नवी बॅच येते आणि तेच सगळं पुन्हा विकत घेते.

हे थांबवणं आपल्या हातात आहे. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एप्रिलच्या शेवटी एक वर्ग दोन दिवसांसाठी मागून घ्यावा. जाणाऱ्यांनी चालू स्थितीतलं सामान तिथं ठेवावं, येणाऱ्यांनी जूनमध्ये उचलावं. किंमत लावायचीच असेल तर नाममात्र लावा. पहिल्या वर्षाला गावाहून आलेल्या मुलाला बादली, गादी आणि टेबल लॅम्प पहिल्याच दिवशी मिळणं याची किंमत काय असते, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

जागामालकांनाही दोन शब्द. आमच्या आधीच्या मुलांनी भिंतींची चाळण केली असेल, तुमची भीती समजते. पण प्रत्येक खोलीत लाकडाची एक पट्टी चार खुंट्यांसकट बसवून दिलीत तर कुणी खिळा मारणारच नाही. आणि ओल आली की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका. ती भिंत आमच्याआधी तुमची आहे.

तुम्ही मात्र आमची चूक करू नका. रूम ताब्यात घेतल्याच्या दिवशीच चारही भिंती, नळ, खिडक्या, बाथरूम यांचे फोटो काढा आणि मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. करार लेखी मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. रंग मारायचा असेल तर परवानगीही मेसेजवर घ्या. ‘काकू हो म्हणाल्या होत्या’ हे अकरा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

सगळं एकदम करायला जाऊ नका. या रविवारी फक्त तीन ढीग करा, पुढच्या रविवारी बल्ब आणा. साडीसाठी दिवाळीत घरी जाल तेव्हा विचारा. आणि एखाद्या संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला की मोबाइल हातात धरून सावकाश गोल फिरा. चारही भिंती दाखवा. ‘अगं, ही माझी साडी ना?’ असं ती विचारेलच. उत्तर तयार ठेवा.